कलेचे पोशिंदे : मंदीच्या तीन हंगामांची नोंद

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण नाटककारांच्या आणि नटांच्या नावांनी सांगतो. १८४३ म्हटले की विष्णुदास भावे, १८८० म्हटले की अण्णासाहेब किर्लोस्कर, १९११ म्हटले की ‘मानापमान’. या इतिहासातला एक रकाना मात्र सहसा रिकामाच राहतो : पैसे कोणी दिले? पडदा कोणाच्या पैशातून रंगला, पेटीवाल्याचा पगार कोणी भागवला, प्रयोग पडला तेव्हा दुसऱ्या दिवशीची चूल कशी पेटली, याची उत्तरे नटांच्या आत्मचरित्रांत विखुरलेली सापडतात. रंगभूमीच्या इतिहासग्रंथांत ती फारशी सापडत नाहीत.

हा रकाना भरायला घेतला की एक गोष्ट लक्षात येते. मंदी आली की कला संपते असे आपण सरसकट म्हणतो. प्रत्यक्षात मंदीत पैशाची वाट बदलते. एक पोशिंदा जातो, दुसरा येतो, आणि नव्या पोशिंद्याच्या खिशाला नि सोयीला मानवेल तेवढीच कला पुढच्या हंगामात दिसते. जिला नवा पोशिंदा मिळत नाही ती हळूहळू थांबते. तिची नोंदही होत नाही, कारण तिच्या जमाखर्चाचे कागद कोणी जपलेले नसतात.

मी दिव्यात राहतो. मध्य रेल्वेवर ठाणे सोडले की कळवा, मुंब्रा आणि मग दिवा. वसई आणि पनवेल अशा दोन्ही बाजूंना इथून फाटा फुटतो, आणि कोकणात जाणारी गाडीही इथून सुटते. साबे, दातिवली, आगासन, बेतवडे ही मूळची आगरी गावे. त्यांच्या शेतांवर आणि खाचरांवर गेल्या तीन-चार दशकांत चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या. त्यांत राहायला आलेल्यांपैकी बऱ्याच जणांचा आधीचा पत्ता लालबाग, परळ, शिवडी, करी रोड असा होता. त्यांनी बरोबर भांडीकुंडी आणली, तशी मृदंग, झांजा आणि घुंगरांचे चाळही आणले. त्या वाद्यांचे पुढे काय झाले, हे शोधता शोधता मी १९८२ च्या संपापाशी आणि तिथून मागे १९३० च्या महामंदीपाशी पोहोचलो.

राजाश्रयाकडून तिकिटाकडे

मराठी नाटकाचा पहिला पोशिंदा संस्थानिक होता. सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले. १८५१ मध्ये चिंतामणराव निवर्तले आणि तो आश्रय आटला. भाव्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले, आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडच्या नाटकगृहात त्यांचे प्रयोग झाले. एका माणसाच्या खजिन्यावर उभी असलेली कला पैसे देऊन पाहणाऱ्या अनेकांच्या खिशावर गेली. व्यावसायिक मराठी रंगभूमीची ही सुरुवात एका पोशिंद्याच्या मृत्यूतून झाली, हे आपण पुष्कळदा विसरतो.

पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षे तिकिटाने नाटक पोसले. पण तिकीट घेणारा तो ‘अनेक’ कोण होता? पुण्यामुंबईचा नोकरदार होता, इंदूर-बडोद्याचा दरबारी वर्ग होता, आणि त्याचबरोबर अमरावती, अकोला, खामगाव, जळगाव अशा कापसाच्या पेठांतला व्यापारी आणि बागायतदार होता. कंपन्यांचे दौरे कापसाच्या पैशामागे फिरत. सरकी-कापसाला भाव चांगला असला की मुक्काम वाढे.

त्या कंपनीचे रूपही लक्षात घेतले पाहिजे. नाटक कंपनी हे एक फिरते बिऱ्हाड होते. नट, साथीदार, रंगारी, शिंपी, आचारी, पाणक्या, शिकाऊ पोरे अशा सगळ्यांचे दोन वेळचे जेवण कंपनीकडे असे. प्रयोग असो वा नसो, पंगत बसायचीच. ‘गंधर्व नाटक मंडळी’ची स्थापना १९१३ ची. तिच्या वैभवाच्या कथा आपण आवडीने ऐकतो : खरे शालू, अत्तरे, गालिचे, सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला अहमदजान थिरकवाँ यांच्यासारखे कलावंत. हे सारे रोजच्या गल्ल्यावर आणि उसनवारीवर चालत होते. कर्जाशी गंधर्व कंपनीचे नाते महामंदीपेक्षा जुने आहे. चांगल्या काळात मात्र कर्ज फिरवता येते, कारण पुढच्या मुक्कामाचा भरवसा असतो.

महामंदीचा हंगाम

तो भरवसा १९२९ नंतर गेला. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातली पडझड वऱ्हाडातल्या नाटकाच्या तंबूपर्यंत कशी पोहोचली, याची वाट सरळ आहे. जागतिक बाजारात शेतमालाच्या किमती कोसळल्या. १९२८ ते १९३४ या काळात भारतात गव्हाचा भाव निम्म्याने घसरला आणि देशाची आयात-निर्यात जवळजवळ निम्म्यावर आली. सारा आणि व्याज मात्र जुन्याच आकड्यांनी द्यावे लागत होते. घरातले सोने मोडून लोकांनी ते भागवले, आणि १९३१ नंतर भारतातून सोने परदेशी वाहू लागले. ज्या घरातल्या पाटल्या सावकाराकडे गेल्या त्या घरातून नाटकाला पहिल्या रांगेचे तिकीट कसे निघणार?

नेमक्या याच वेळी बोलपट आला. ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला. त्यात राजा हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, गंधर्व कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एक. संगीत नाटकाची सगळी श्रवणसुखे बोलपट थोड्या आण्यांत देत होता, आणि त्याला पंगत वाढावी लागत नव्हती. एकदा चित्रित झाले की त्याच श्रमावर शंभर गावांत खेळ लागे.

‘बोलपटाने संगीत नाटक मारले’ हे वाक्य आपण पाठ केलेले आहे. मला ते अपुरे वाटते. बोलपट भरभराटीच्या काळात आला असता तर दोन्ही करमणुकी काही वर्षे शेजारी नांदल्या असत्या, असे मानायला जागा आहे. मंदीने प्रेक्षकाला दोहोंपैकी एक निवडायला लावले, आणि खिसा हलका असताना त्याने स्वस्त ते निवडले. कंपन्यांच्या वाताहतीचा काळ पाहा. मास्टर दीनानाथ आणि चिंतामणराव कोल्हटकर यांची ‘बलवंत संगीत मंडळी’ चित्रपटाकडे वळली. १९३४ चा ‘कृष्णार्जुन युद्ध’ चालला नाही आणि कर्ज तेवढे वाढले. गंधर्व कंपनीचा कारभार दशकाच्या मध्यावर आटोपला आणि १९३५ मध्ये बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत दिसले. आयुष्यभर स्त्रीभूमिका केलेला हा नट पडद्यावर प्रथम आला तो पुरुषवेषात.

त्याच मंदीत एक नवे नाटकही जन्मले. १ जुलै १९३३ रोजी ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले. नॉर्वेच्या ब्यर्नसन यांच्या नाटकावर आधारलेले, मोजक्या गाण्यांचे, घरातल्या साध्या दिवाणखान्यात घडणारे, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केलेले. ज्योत्स्ना भोळे त्यात होत्या. समीक्षक याकडे इब्सेनी वास्तववादाचे आगमन म्हणून पाहतात, ते योग्यच आहे. जमाखर्चाच्या अंगाने पाहिले तर आणखी काही दिसते. या मंडळींना बिऱ्हाड नव्हते. ज्याने त्याने आपली नोकरी, आपला व्यवसाय सांभाळून नाटक करायचे, सामान थोडे, नट थोडे. मंदीच्या मापाचे नाटक होते ते. मराठी नाटक दिवाणखान्यात आले याचे श्रेय विचारांना द्यावे तेवढेच तंगीलाही द्यावे लागेल. ‘नाट्यमन्वंतर’ही दोन-तीन वर्षांत थांबले, पण त्याने घालून दिलेले माप पुढे टिकले.

याच वर्षांत अमेरिकेत काय घडले ते पाहण्यासारखे आहे. बेकारांना काम देण्याच्या रूझवेल्ट सरकारच्या योजनेत १९३५ मध्ये ‘फेडरल थिएटर प्रोजेक्ट’ सुरू झाला. हॅली फ्लॅनगन या प्राध्यापिकेकडे त्याची सूत्रे होती. नट हाही बेकार झालेला कामगार आहे आणि त्याला त्याच्याच कामाचा पगार द्यावा, हे त्यामागचे तत्त्व. भरात असताना बारा हजारांहून अधिक माणसे या योजनेच्या पगारावर होती. १९३९ मध्ये तिथल्या संसदेने राजकीय कारणांनी तो बंद केला, पण चार वर्षे एका सरकारने मंदीत हात आखडण्याऐवजी सैल सोडला होता. आपल्याकडे सरकार परके होते. मुंबई इलाख्यात नाटकासाठी सरकारी नोंद होती ती १९२३ च्या करमणूक कर कायद्याची, म्हणजे नाटकाकडून घ्यायच्या पैशाची. सरकारने नाटकाला हात देण्याची गोष्ट १९५४ मध्ये राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाल्यावरची.

गिरणगावाची वर्गणी

आता दुसऱ्या हंगामाकडे येतो. नाटक कंपन्यांची कथा निदान लिहिली गेली. बोडसांनी, कोल्हटकरांनी, टेंब्यांनी आठवणी लिहून ठेवल्या. गिरणगावाच्या कलेचा हिशोब कोणी लिहायचा?

गिरणगावात जे वाजत-गाजत होते त्याची यादी मोठी आहे. कोकणातल्या चाकरमान्यांचे नमन-खेळे, जाखडी आणि शक्ती-तुऱ्याचे सामने, दशावतार, डबलबारीची भजने. घाटावरच्या कामगारांचा तमाशा, त्यासाठी लालबागचे हनुमान थिएटर. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांची शाहिरी. गणेशोत्सवातली हौशी नाटके, आणि नारायण सुर्व्यांच्या कवितेतून बोलणारा कामगार. परळचे दामोदर नाट्यगृह सोशल सर्व्हिस लीगने १९२२ मध्ये उभारलेले, तिथे ही मंडळी हक्काने प्रयोग लावत.

याला पैसा कुठून येई? तीन वाटांनी येई. पहिली वाट वर्गणीची. एका वाडीचे, एका गावचे चाकरमानी मुंबईत मंडळ काढत. गावकीच्या खोलीत पंधरा-वीस गडी राहत, पाळ्यांप्रमाणे एकाच्या जागी दुसरा झोपे, आणि त्याच खोलीत तालीम चाले. पगार झाला की वर्गणी जमा होई. दुसरी वाट तिकिटाची, पण इथे तिकिटाचा अर्थ वेगळा होता. ‘गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी’, ‘शाळेच्या इमारतीसाठी’, ‘विहिरीसाठी’ असे छापून नमनाचा प्रयोग लावायचा, मंडळाच्या माणसांनी खात्या-खात्यांत तिकिटे खपवायची आणि उरलेली रक्कम गावी पाठवायची. अनुदानावर बोलताना आपण कलेला नेहमी हात पसरणारी समजतो. इथे कोकणातल्या कित्येक विहिरी आणि शाळा नमनाने बांधल्या.

तिसरी वाट कायद्याची. मुंबई कामगार कल्याण निधी कायदा १९५३ मध्ये झाला. त्यातून उभ्या राहिलेल्या कल्याण मंडळाने कामगारांसाठी केंद्रे काढली, नाट्यस्पर्धा आणि भजनस्पर्धा घेतल्या. या निधीत येणारा पैसा कुठला? कामगारांकडून वसूल झालेले दंड, कोणी न नेलेले थकीत पगार, आणि हजेरीपटावरच्या प्रत्येक कामगारामागे कामगाराची व मालकाची ठरलेली वर्गणी. म्हणजे हीही वाट शेवटी पगारातूनच निघत होती.

तिन्ही वाटांचा उगम एक, गिरणीचा पगार. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले आणि तिन्ही वाटा एकाच दिवशी बंद झाल्या.

कोणी म्हणेल, संप वेगळा आणि मंदी वेगळी. तो संप ज्या धंद्यात झाला तो धंदा आधीच आतून पोखरलेला होता. मालकांनी नव्या यंत्रांत पैसा घातला नव्हता, आणि कापड भिवंडीच्या यंत्रमागावर स्वस्तात विणले जात होते. संप औपचारिकपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. लाखाहून अधिक कामगार परत कामावर गेले नाहीत. अर्थशास्त्राच्या पुस्तकात त्याला मंदी म्हणोत वा न म्हणोत, गिरणगावापुरती ती कायमची मंदी होती.

आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचा खजिनदार म्हणून जुन्या वह्यांची चळत माझ्याकडे आली. माझे वडील साचेखात्यात होते. वहीत त्यांचे नाव आहे. डावीकडे नावे, आडवे बारा महिने, वर्गणी आली की त्या चौकोनात खूण. खर्चाच्या बाजूला मृदंगाला पुडी, झांजेची दोरी, हॉलचे डिपॉझिट, चहा. १९८२ च्या पानावर जानेवारीच्या चौकोनांत खुणा आहेत. पुढे चौकोन कोरे आहेत, आणि एकेका नावापुढे पेन्सिलीने एकच शब्द लिहिला आहे : ‘गावी’. खर्चाची बाजूही तिथेच थांबते. मध्ये काही वर्षे वहीच नाही. मग नवी वही सुरू होते, त्यात नावांपुढे पत्ते आहेत : नालासोपारा, डोंबिवली, दिवा. तालमीचे ठिकाण लिहायची ओळ मात्र पानोपान रिकामी आहे.

त्या रिकाम्या ओळीपाशी मी बराच थांबलो. पैसा गेला होता तो काही वर्षांनी थोडाथोडा परत आला. कोणी वॉचमन झाले, कोणी कुरिअरमध्ये लागले, कोणाच्या बायकोने पोळीभाजी केंद्र चालवले. वर्गणी पुन्हा जमू लागली. परत आली नाही ती जागा. गावकीची खोली विकली गेली किंवा पुनर्विकासात गेली, गिरणीच्या जमिनीवर १९९१ च्या विकास नियमावलीनंतर मॉल आणि मनोरे आले, हनुमान थिएटरमधला तमाशा बंद पडला, आणि अलीकडे दामोदरही पुनर्विकासासाठी बंद झाले. जागेबरोबर वेळही गेला. पूर्वी पाळी सुटली की दहा मिनिटांत माणूस तालमीला हजर होई. दिव्याहून अंधेरीला वॉचमनची ड्युटी करणाऱ्याचे दिवसाचे चार तास लोकलमध्ये जातात. कलेचे पोषण म्हणजे रुपये एवढेच आपण धरतो. गिरणगाव कलावंताला फुकटची जागा आणि मोकळी संध्याकाळ देत होते. या दोन गोष्टी कुठल्याच ताळेबंदात नव्हत्या, म्हणून त्या गेल्याचे कोणाला कळले नाही.

या संपावरचे मोठे नाटक, जयंत पवारांचे ‘अधांतर’, १९९७ मध्ये आले. पुढे २०१० मध्ये त्यावरून चित्रपटही झाला. मराठी रंगभूमीने गिरणगावाची दखल घेतली ती पंधरा वर्षांनी, आणि तोवर गिरणगावाचा प्रेक्षक तिकीटबारीपासून दोन तासांवर राहायला गेला होता.

नवा पोशिंदा

एक योगायोग इथे नोंदवतो. ठाणे महानगरपालिका स्थापन झाली १ ऑक्टोबर १९८२ रोजी, आणि कल्याणची महानगरपालिका १९८३ मध्ये. गिरणगावातला पगार थांबला त्याच सुमारास आमच्या भागात एक नवा पोशिंदा जन्माला येत होता. ठाण्यात गडकरी रंगायतन १९७८ पासून होतेच. पुढे कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर, ठाण्यात घोडबंदर रस्त्याच्या बाजूला डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह उभे राहिले. व्यावसायिक नाटकाला याचा मोठा आधार झाला. शनिवार-रविवारी ठाणे-डोंबिवलीचा प्रयोग मिळावा म्हणून निर्माते धडपडतात.

महापालिकेच्या पैशाला एक वळण असते. तो इमारतीत जातो आणि महोत्सवात जातो, कारण दोन्हींना कोनशिला आणि फलक लावता येतो. दिव्यातल्या नमन मंडळाला एवढे मोठे नाट्यगृह वर्षातून एकदा लागते, तालमीची खोली मात्र आठवड्यातून तीनदा लागते. आमच्या भागातले महोत्सव स्थानिक नेत्यांच्या पुढाकाराने आणि बांधकाम व्यावसायिकांच्या जाहिरातींवर होतात. तिथे नमनाला बोलावणे येते, मानधनही मिळते. पण मिळतात पंधरा मिनिटे. रात्रभर चालणाऱ्या खेळातला गण, गवळण आणि संकासुराची एक झलक एवढेच त्यात बसते, वग बसतच नाही. कोणी मुद्दाम वग कापला नाही. पोशिंद्याच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला जागा नव्हती. पाच-सहा वर्षे वग झाला नाही की तो पाठ असणारा माणूस म्हातारा होतो. नाट्यमन्वंतराच्या वेळी मंदीने नाटकाचे माप बदलले आणि त्यातून काही नवे निघाले. इथे माप बदलले आणि खेळाचा अर्धा भाग गळून पडला. दोन्ही परिणाम मंदीचेच आहेत, आणि फरक पडला तो नव्या पोशिंद्याला काय हवे होते यावरून.

टाळेबंदीचा हंगाम

तिसरा हंगाम आपण सर्वांनी पाहिला. तमाशा फडांच्या जत्रांच्या सुपाऱ्या ठरतात त्या नारायणगावला, फडांच्या राहुट्यांत, गुढीपाडव्याला. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता, देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस. चैत्र-वैशाखातल्या जत्रांवर ज्यांचे वर्ष चालते आणि पावसाळ्यात ज्यांना उचल घेऊन दिवस काढावे लागतात, त्यांचा हंगाम सुरू व्हायच्या दिवशीच संपला. नाट्यगृहे नोव्हेंबर २०२० मध्ये निम्म्या आसनांवर उघडली, दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली, आणि २२ ऑक्टोबर २०२१ पासून परत सुरू झाली.

त्या काळात सरकारने काय केले? ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने राज्याच्या बहुतेक विभागांना अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल असे ठरले. उत्पन्न घटल्यावर कुठलाही कारभारी हेच करील. पण याचा कलेच्या बाजूने अर्थ असा की प्रेक्षकाचा खिसा, जाहिरातदाराचा खिसा आणि सरकारचा खिसा एकाच वेळी रिकामे झाले. सरकारी अनुदानाचे समर्थन करताना आपण म्हणतो की बाजार कोसळला तरी सरकार असते. आपल्याकडचे अनुदान असे रचलेले आहे की ते बाजाराबरोबरच कोसळते.

कामगार कल्याण निधीची गोष्टही अशीच. तो पाच किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना लागू होतो. दिव्यात आज कोण राहते? रिक्षाचालक, घरकाम करणाऱ्या बाया, खाणे पोहोचवणारी मुले, नाक्यावर रोज नवा मालक शोधणारे बिगारी. यांच्यापैकी फार थोड्यांची नावे अशा आस्थापनेच्या हजेरीपटावर आहेत. गिरणीच्या हजेरीपटातून निघालेला कायदा आजच्या कामगाराच्या मृदंगापर्यंत पोहोचत नाही.

टिकले ते का टिकले

निराशेने थांबावे असे मला वाटत नाही, कारण आमच्याच जिल्ह्यात उलट पुरावा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालू आहे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून. दोन महायुद्धे, महामंदी, संप आणि टाळेबंदी या संस्थांनी पचवली. त्यांना पोसणारेही छोट्या खिशाचेच लोक होते, महिन्याची वर्गणी भरणारे. फरक दोन गोष्टींत आहे. त्यांच्याकडे स्वतःची जागा होती. आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानंतर त्यांना मिळणारे सरकारी अनुदान समारंभाला बांधलेले नव्हते, दरवर्षीच्या नेहमीच्या कामाला बांधलेले होते. हलाखीच्या वर्षी वर्गणीदार कमी झाले तरी छप्पर तिथेच होते, आणि बरे दिवस आले की माणसे त्याच छपराखाली परतली. आमच्या मंडळाची वर्गणीही परतली होती, तिला परतायला खोली नव्हती.

म्हणून तीन हंगामांतून मला निघणारा धडा साधा आहे. वाईट काळात महोत्सव कापले तर चालेल, जागा कापू नयेत. दिवा, मुंब्रा, कळव्यातल्या पालिकेच्या शाळांचे वर्ग संध्याकाळी रिकामे असतात. ते आठवड्यातून तीन दिवस, नाममात्र भाड्याने, नोंदणी केलेल्या भजनी, नमन, जाखडी आणि नाट्य मंडळांना मिळाले तर पालिकेचा खर्च दिव्याबत्तीचा आणि एका शिपायाचा. आगरी गावांतल्या धवले गाणाऱ्या बायांना नव्या मुलींना शिकवायला बसायचे तर त्यांनाही हीच खोली उपयोगी पडेल. कल्याण निधीची वर्गणी आस्थापनांबाहेरच्या कामगारांपर्यंत न्यायची असेल तर कायद्यात बदल लागेल, आणि त्याला वेळ लागेल. वर्गाची किल्ली द्यायला एक ठराव पुरतो.

वाचकहो, तुम्ही हातात धरलेला अंकही या हिशोबाबाहेर नाही. ‘मनोरंजन’च्या काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही परंपरा जाहिरातदार आणि वर्गणीदार अशा दोन खांबांवर उभी आहे. २०२० मध्ये जाहिराती आटल्या आणि बरेच अंक निघाले नाहीत. जे निघाले त्यांत आधीच पैसे भरलेल्या वर्गणीदारांचा वाटा होता. वर्गणीचे मोल तुम्हाला सांगायची गरज नाही.

एक विनंती तेवढी करतो. तुमच्या घरात, गावकीत, चाळीच्या ट्रंकेत एखाद्या भजनी मंडळाची, नाट्यमंडळाची, गणेशोत्सवाची जुनी वही असेल. ती रद्दीत देऊ नका. पहिले पान, जमेची बाजू, खर्चाची बाजू यांचे फोटो काढा आणि वही जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला द्या. कलावंतांची नावे कुठे ना कुठे राहतात. चौकोनात खूण करून दरमहा वर्गणी देणाऱ्यांची नावे फक्त त्या वह्यांत आहेत.